दोन ओमची जोडणी, तापणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि वॉटचा खरा हिशेब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडीत चार चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला आहे आणि त्याच्या माहितीपत्रकात ४ ओमला (ओम म्हणजे स्पीकरच्या विद्युत विरोधाचे माप) प्रत्येक चॅनेलमागे ७५ वॉट, २ ओमला ११० वॉट आणि दोन चॅनेल ब्रिज केल्यास, म्हणजे एकत्र करून एकच स्पीकर चालवल्यास, ४ ओमला २२० वॉट असे आकडे दिले आहेत. पहिल्या दोन चॅनेलवर पुढच्या दारांतील कंपोनंट संच (खालच्या स्वरांचा वूफर आणि वरच्या स्वरांचा ट्विटर वेगवेगळे) आहे, तर उरलेले दोन चॅनेल ब्रिज करून त्यांवर दुहेरी ४ ओम कॉइलचा (स्पीकरचा शंकू हलवणाऱ्या तारेच्या दोन गुंडाळ्या असलेला) सबवूफर, म्हणजे बासचा स्पीकर, जोडला आहे. मागचे स्पीकर हेड युनिटवरच, म्हणजे डॅशबोर्डमधील म्युझिक सिस्टिमवरच, चालतात. ‘ओम निम्मे केले की पॉवर दुप्पट होते’ हा सल्ला ऐकून आपण सबवूफरच्या दोन्ही कॉइल समांतर जोडल्या. तेव्हापासून आवाज वाढवला की दहा-पंधरा मिनिटांत अ‍ॅम्प्लिफायर हात लाववत नाही इतका तापतो, लाल दिवा लागतो आणि सगळे बंद पडते. मल्टिमीटर २ ऐवजी १.७ ओम दाखवतो, म्हणून सबवूफर सदोष आहे का, आणि या अ‍ॅम्प्लिफायरऐवजी ‘१५०० वॉट’चा मोनो अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा का, असे आपण विचारले आहे.

सबवूफर ठीक आहे. अ‍ॅम्प्लिफायरही बहुधा ठीक आहे. त्याने वेळीच स्वतःला बंद केले, यावरून त्याची संरक्षणयंत्रणा जागी असल्याचेच दिसते. चूक जोडणीत आहे, आणि ती का झाली हे समजले की पुढील खरेदीचा निर्णयही बराचसा आपोआप होईल.

प्रथम एक समजूत दुरुस्त करावी लागेल. अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरमध्ये वॉट ‘ढकलतो’ असे आपण बोलतो, पण तो प्रत्यक्षात करतो ते काम वेगळे आहे. आत येणाऱ्या सिग्नलच्या प्रमाणात तो बाहेरच्या दोन टोकांवर व्होल्टेज निर्माण करतो, बस एवढेच. त्या व्होल्टेजवर किती करंट वाहील हे पलीकडे जोडलेल्या स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा त्याचा ओममधील विरोध, ठरवतो, आणि व्होल्टेज व करंट यांचा गुणाकार म्हणजे पॉवर. आपल्या अ‍ॅम्प्लिफायरचा ४ ओमला ७५ वॉट हा आकडा घेतला, तर ७५ गुणिले ४ म्हणजे ३००, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे १७.३, म्हणजे हा चॅनेल पूर्ण जोरावर १७.३ व्होल्ट देतो. त्याच १७.३ व्होल्टवर २ ओमचा भार लावला तर करंट दुप्पट वाहील आणि गणिताने १५० वॉट मिळायला हवेत. माहितीपत्रक मात्र ११० वॉटच सांगते. हा फरक म्हणजे छपाईची चूक नसून अ‍ॅम्प्लिफायरच्या आतील वीजपुरवठ्याची मर्यादा आहे, कारण करंटची मागणी वाढली की आतील व्होल्टेज खाली बसते. ‘ओम निम्मे, पॉवर दुप्पट’ हे सूत्र ज्या अमर्याद वीजपुरवठ्यावर खरे ठरते तो कागदावरच असतो. काही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तर वीजपुरवठा नियंत्रित असतो आणि ते ४ ओमपासून १.५ ओमपर्यंत जवळजवळ सारखीच पॉवर देतात. तिथे ओम कमी करून काहीही हाती लागत नाही.

आता ब्रिजकडे येऊ, कारण आपला घोटाळा तिथेच झाला आहे. दोन चॅनेल ब्रिज केले की एका चॅनेलला सरळ आणि दुसऱ्याला उलटा सिग्नल मिळतो. एक टोक जेव्हा वर जाते तेव्हा दुसरे तेवढेच खाली जाते, आणि मध्ये बसलेल्या स्पीकरला दोघांची बेरीज, म्हणजे सुमारे ३४.६ व्होल्ट मिळतात. हे ऐकायला छान वाटते, पण बाजू बदलून पाहा. एका चॅनेलच्या दृष्टीने स्पीकरचे दुसरे टोक जमिनीला स्थिर नाही, ते उलट्या दिशेने पळते आहे; त्यामुळे तो चॅनेल स्वतःच्या १७.३ व्होल्टवर दुप्पट करंट पुरवत असतो, म्हणजेच त्याला स्पीकरचा निम्माच इम्पिडन्स जाणवतो. ४ ओमचा स्पीकर ब्रिजवर लावला की प्रत्येक चॅनेलला २ ओम दिसतात. म्हणूनच माहितीपत्रकातील ब्रिजचे २२० वॉट हे २ ओमच्या ११० वॉटची बरोबर दुप्पट आहेत; हा योगायोग नाही. ज्या अ‍ॅम्प्लिफायरची खालची मर्यादा चॅनेलमागे २ ओम आहे, त्याची ब्रिजमधील मर्यादा ४ ओम असते.

आपण ४ ओमच्या दोन कॉइल समांतर जोडून २ ओम केले आणि ते ब्रिजवर लावले. प्रत्येक चॅनेलला १ ओम दिसू लागला. गणिताने पाहिले तर ३४.६ व्होल्टवर २ ओम म्हणजे सुमारे ६०० वॉट होतात, आणि या आकड्याच्या मोहातच असे सल्ले दिले जातात. प्रत्यक्षात मात्र त्या दोन चॅनेलच्या ट्रान्झिस्टरमधून सोसवेल त्याच्या दुप्पट करंट वाहतो आणि त्यांतील उष्णताही त्याच प्रमाणात वाढते. आपला अ‍ॅम्प्लिफायर दहा-पंधरा मिनिटे टिकतो, म्हणजे तो तापमानामुळे बंद पडतो आहे. ढोलाच्या पहिल्याच जोरकस ठोक्याला तो बंद पडला असता तर मी करंटच्या मर्यादेकडे किंवा कुठेतरी टेकलेल्या तारेकडे बोट दाखवले असते. दोन्हींत दिवा एकच लागतो, पण किती वेळाने लागतो यावरून कारण ओळखता येते.

मग या सबवूफरचे काय करावे? दुहेरी ४ ओम कॉइलच्या सबवूफरला दोनच जोडण्या शक्य असतात: समांतर केल्यास २ ओम आणि एकसर, म्हणजे सिरीज, केल्यास ८ ओम. चार ओम त्यातून निघत नाहीत. ‘एकच कॉइल वापरतो, म्हणजे ४ ओम मिळतील’ असा शॉर्टकट सुचवला जातो. तो स्वीकारू नये. एक कॉइल मोकळी सोडली की सबवूफरची पॉवर सोसण्याची क्षमता निम्मी होते, शिवाय शंकूला आवरणारे विद्युत बल बदलते आणि ज्या पेटीसाठी तो निवडला होता त्या पेटीत तो वेगळाच वागू लागतो. आपल्यासाठी सुरक्षित मार्ग म्हणजे कॉइल एकसर जोडून ८ ओम करणे: पहिल्या कॉइलचे ऋण टोक दुसऱ्या कॉइलच्या धन टोकाला, आणि उरलेली दोन टोके अ‍ॅम्प्लिफायरच्या ब्रिज टर्मिनलना. तेव्हा प्रत्येक चॅनेलला ४ ओम दिसतील आणि एकूण १५० वॉट मिळतील.

इथे आपण नक्की म्हणाल की २२० सोडून १५० वर कशाला यायचे. हा आक्षेप मी शेकडो वेळा ऐकला आहे आणि त्याचे उत्तर डेसिबलमध्ये आहे. पॉवर दुप्पट झाली की आवाजाची पातळी ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटण्यासाठी १० डेसिबल, म्हणजे दहापट पॉवर लागते. १५० आणि २२० वॉट यांतील अंतर अवघे १.७ डेसिबल आहे. गाडी चालू असताना, काचा बंद करून, नेमके लक्ष देऊन ऐकले तर तो फरक कदाचित जाणवेल. गाणे चालू असताना कोणी गुपचूप बदलून दिला तर बहुतेकांना कळणारही नाही. त्याच्या मोबदल्यात अ‍ॅम्प्लिफायर थंड राहतो, आवाजातील विकृती कमी होते आणि बॅटरीवरची ओढ घटते. हाच सबवूफर दुहेरी २ ओम कॉइलचा असता तर एकसर जोडून ४ ओम करून पूर्ण २२० वॉट घेता आले असते. म्हणून सबवूफर घेण्याआधी अ‍ॅम्प्लिफायरच्या मर्यादेकडे पाहून कॉइलचे ओम निवडावेत, असे मी नेहमी सांगतो. उलट्या क्रमाने केलेल्या खरेदीत असा एक तरी तिढा निघतोच.

पॉवरपेक्षा दुर्लक्षित, पण अधिक मोलाचा आकडा म्हणजे स्पीकरची संवेदनशीलता. एका वॉटला एक मीटर अंतरावर किती डेसिबल, असा तो दिलेला असतो. ८५ आणि ८८ डेसिबलच्या दोन सबवूफरमधील अंतर हे दुप्पट मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरइतके असते. यातही एक मेख आहे: काही ठिकाणी हा आकडा १ वॉटऐवजी २.८३ व्होल्टवर मोजलेला असतो. ८ ओमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॉट. पण ४ ओमच्या स्पीकरला ते २ वॉट होतात आणि आकडा फुकटात ३ डेसिबलने फुगतो. तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना, हे पाहावे.

आता आपल्या मल्टिमीटरच्या १.७ ओमविषयी. मल्टिमीटर कॉइलच्या तांब्याचा स्थिर विद्युतप्रवाहातील रोध मोजतो, इम्पिडन्स नव्हे. ४ ओमच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक कॉइलचा रोध ३.२ ते ३.७ ओमच्या आसपास असतो. आपल्या दोन कॉइल ३.४ ओमच्या असाव्यात आणि समांतर जोडल्यावर १.७ दिसणे अगदी अपेक्षित आहे. स्पीकरवर छापलेला ४ हा आकडा ‘नाममात्र’ आहे. आयईसी ६०२६८-५ या मानकाप्रमाणे वापराच्या पट्ट्यात इम्पिडन्स नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ४ ओमच्या स्पीकरला ३.२ ओमपर्यंत खाली जाण्याची मुभा आहे. वर जायला मात्र जवळजवळ बंधन नाही. स्पीकरच्या अनुनाद वारंवारितेला शंकू मोकळेपणाने डोलतो, कॉइल स्वतःच जनित्रासारखी उलटे व्होल्टेज निर्माण करते आणि इम्पिडन्स २०, ३०, कधी ५० ओमच्याही पुढे चढतो. तिथून पुढे तो उतरून किमान पातळीवर येतो आणि उच्च स्वरांकडे कॉइलच्या प्रेरकत्वामुळे पुन्हा चढू लागतो. पेटीचा आकार बदलला की अनुनादाचा तो उंचवटा सरकतो. त्यामुळे ‘अ‍ॅम्प्लिफायर १५० वॉट देतो आहे’ हे विधान एखाद्याच स्वरासाठी, एखाद्याच क्षणी खरे असते.

तापमानाचाही यात वाटा आहे. तांब्याचा रोध प्रत्येक अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. बराच वेळ जोरात वाजणाऱ्या सबवूफरची कॉइल २५ अंशांवरून १७५ अंशांवर गेली, तर ३.४ ओमचे ५.४ ओम होतात आणि त्याच व्होल्टेजवर पॉवर जवळपास २ डेसिबलने घसरते. लांबच्या प्रवासात तासाभराने सबवूफर ‘मवाळ’ वाटू लागतो तो काही अंशी यामुळे, आणि काही अंशी कान थकल्यामुळे. अशा वेळी आवाज आणखी वाढवणे हा नेमका चुकीचा उपाय ठरतो.

पुढच्या दारांतील संचाबद्दल आपण ओझरते विचारले आहे की ४ ओमचा वूफर आणि ४ ओमचा ट्विटर मिळून २ ओम होतात का. होत नाहीत, कारण क्रॉसओव्हर दोघांना वेगवेगळ्या स्वरपट्ट्या वाटून देतो. ज्या स्वरांना ट्विटर करंट घेतो तिथे वूफरचा मार्ग जवळजवळ बंद झालेला असतो. अ‍ॅम्प्लिफायरला सर्वत्र साधारण ४ ओमच दिसतात. मात्र याच कारणासाठी त्या संचातील ट्विटर मनाने बदलू नये. समजा ट्विटरला १० मायक्रोफॅरडचा साधा कपॅसिटर आहे: ४ ओमला त्याची छेदवारंवारिता (जिच्याखालचे स्वर तो अडवू लागतो ती) सुमारे ४००० हर्ट्‌झ येते, तोच कपॅसिटर ८ ओमच्या ट्विटरला लावला तर ती २००० हर्ट्‌झवर उतरते, आणि ज्या नाजूक कॉइलला ते स्वर झेपत नाहीत तिच्यावर ते येऊन आदळतात.

हेड युनिटवर ‘५० वॉट × ४’ लिहिलेले असताना ७५ वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर इतका वरचढ का वाटतो, याचे उत्तर मजेशीर आहे. हेड युनिटच्या आत व्होल्टेज वाढवणारी यंत्रणा सहसा नसते. त्याच्याकडे गाडीचे १४.४ व्होल्ट तेवढे असतात आणि त्याचा प्रत्येक चॅनेल आतूनच ब्रिज केलेला असतो. १४.४ चा वर्ग भागिले ४ म्हणजे ५१.८. हाच तो ‘५० वॉट’. पण हे गणित पूर्ण चौरस तरंगाचे, म्हणजे विकृतीने भरलेल्या आवाजाचे आहे. शुद्ध सायन तरंगासाठी ते निम्मे होते, आणि आतील घट वजा जाता हाती उरतात साधारण १८ ते २२ वॉट. गाड्यांत ४ ओमचे स्पीकर रुळले त्याचेही मूळ हेच: इतक्या कमी व्होल्टेजवर ८ ओमला आणखी निम्मीच पॉवर मिळाली असती. एक सावधगिरी इथेच सांगतो. अशा हेड युनिटची स्पीकरची दोन्ही टोके पुरवठ्याच्या मध्यावर, म्हणजे सुमारे ६-७ व्होल्टवर तरंगत असतात. वायर वाचवण्यासाठी स्पीकरचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले हेड युनिट मी जळताना पाहिले आहे. तेव्हा मागचे स्पीकर बदलताना हा मोह टाळावा.

आता त्या ‘१५०० वॉट’च्या अ‍ॅम्प्लिफायरकडे येऊ. त्यावर ३० अँपिअरचा एकच फ्यूज आहे असे आपण लिहिले आहे, आणि माझ्यासाठी तेवढी माहिती पुरेशी आहे. १४.४ व्होल्ट गुणिले ३० अँपिअर म्हणजे ४३२ वॉट. याहून जास्त पॉवर तो बॅटरीकडून सतत घेऊच शकत नाही. तो डी वर्गाचा (कमी वीज उष्णतेत वाया घालवणाऱ्या रचनेचा) असून ८० टक्के कार्यक्षम आहे असे उदारपणे धरले तरी बाहेर सुमारे ३४५ वॉट मिळतील. उरलेले हजारभर वॉट डब्यावरच्या शाईत आहेत. हीच कसोटी आपल्या सध्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला लावून पाहा: २५ अँपिअरचे दोन फ्यूज म्हणजे ७२० वॉट आत, एबी वर्गाची ६० टक्के कार्यक्षमता धरली तर ४३२ वॉट बाहेर, आणि माहितीपत्रक चार चॅनेलचे मिळून ४४० सांगते. हा निर्माता प्रामाणिक आहे. मोनो अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचाच असेल तर सीईए-२००६ (आता सीटीए-२००६) या मानकाप्रमाणे दिलेला आकडा शोधावा, त्यात १४.४ व्होल्टवर आणि एक टक्क्यापेक्षा जास्त विकृती न होऊ देता मोजलेली पॉवर सांगावी लागते. २ ओमला ३०० वॉट खरोखर देणारा मोनो अ‍ॅम्प्लिफायर आपल्या समांतर जोडलेल्या सबवूफरला उत्तम शोभेल, आणि १५० वॉटच्या तुलनेत ३ डेसिबल देईल. ते ३ डेसिबल हवेत का, हे आधी ८ ओमची जोडणी आठवडाभर ऐकून ठरवावे.

तारांबाबत थोडक्यात. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर अंतरावर ५० अँपिअर वाहत असतील तर ८ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत सुमारे अर्धा व्होल्ट हरवतो, २१ चौरस मिलिमीटरच्या तारेत ०.२ व्होल्ट. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारेत हीच घट दीडपटीहून अधिक होते. मुख्य फ्यूज बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत असावा. तो अ‍ॅम्प्लिफायरसाठी नसून तारेला आग लागू नये म्हणून असतो. ऋण तारही तेवढ्याच जाडीची आणि रंग खरवडलेल्या धातूवर घट्ट बसवलेली हवी. स्पीकरच्या तारेतही कमी ओमची किंमत मोजावी लागते: १.३ चौरस मिलिमीटरची ४ मीटर तार जाऊन-येऊन सुमारे ०.१ ओम होते. ८ ओमला ती नगण्य आहे, १ ओमला मात्र व्होल्टेजचा जवळपास दहावा हिस्सा ती स्वतःच खाते.

जोडणी बदलल्यावर गेन पुन्हा लावणे आवश्यक आहे. गेन हे आवाज वाढवण्याचे बटण नाही; हेड युनिटकडून येणाऱ्या व्होल्टेजशी अ‍ॅम्प्लिफायरचे जुळवून देणे एवढेच त्याचे काम. स्पीकर सोडवून, गाडी चालू ठेवून, इक्वलायझर सपाट आणि क्रॉसओव्हर बंद करून, हेड युनिटचा आवाज तीन-चतुर्थांशावर ठेवावा आणि पूर्ण पातळीचा ५० हर्ट्‌झचा सायन सूर वाजवावा. मग मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून पुढच्या चॅनेलचा गेन १७ व्होल्टपर्यंत आणि ब्रिज टोकांचा ३४ व्होल्टपर्यंत आणावा. याच्या पुढे गेन वाढवला की तरंगाचे माथे छाटले जातात. छाटलेल्या तरंगात ‘डीसी’ येतो आणि त्याने स्पीकर जळतो, हा गैरसमज आहे. खरे कारण उष्णतेचे आहे. त्याच उंचीच्या चौरस तरंगात सायनच्या दुप्पट पॉवर असते, त्यामुळे ७५ वॉटचा चॅनेल बेसुमार ओरबाडला तर दीडशे वॉटच्या घरात जाऊ शकतो, आणि तेही श्वास घ्यायला उसंत न देता. कमी पॉवरच्या अ‍ॅम्प्लिफायरने स्पीकर जळतो असे जे म्हटले जाते, त्यामागे हेच असते. मर्यादेत वाजवलेला लहान अ‍ॅम्प्लिफायर कोणत्याही स्पीकरला इजा करत नाही.

हे सर्व करण्याआधी, कॉइल एकसर जोडल्या की पेटीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. ६.८ ओमच्या आसपास दिसले तरच तारा अ‍ॅम्प्लिफायरला जोडाव्यात, ३.४ दिसले तर एक कॉइल बाहेर राहिली आहे, आणि पुन्हा १.७ दिसले तर जोडणी अजून समांतरच आहे. मल्टिमीटर ध्रुवता मात्र दाखवत नाही. वाचन बरोबर असूनही बास जवळजवळ ऐकूच येत नसेल, तर एका कॉइलची टोके उलटी लागली आहेत आणि दोन्ही कॉइल एकमेकींविरुद्ध ओढत आहेत. त्या एका कॉइलची टोके अदलाबदल करावीत.